सात सेकंदांचा आवाज

मी अकरावीत असताना आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या आम्ही सहा जणांनी फोनवर एक पेज सुरू केलं होतं. परीक्षेत आपटलेल्या, घरी बोलणी खाल्लेल्या, मित्रांनी टाकलेल्या मुलामुलींना सकाळी उठल्यावर काहीतरी बरं वाचायला मिळावं, एवढाच हेतू. रोज एक वाक्य. कधी एखादं वचन, बहुतेकदा आमचंच, साध्या मराठीतलं. संघाचं काम बघणारा एक मोठा मुलगा होता, आयटीत नोकरी करणारा. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. त्याची अट एकच होती. "उपदेश करायचा नाही. कुणी काही लिहिलं तर मात्र उत्तर द्यायचंच." उत्तरं द्यायची पाळी दर आठवड्याला बदलायची. पेजवर आमच्यापैकी कुणाचं नाव नव्हतं, फोटोही नव्हता.

वाक्यं बहुतेक मी लिहायचे. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मला एका मुलीनं विचारलं होतं, "तू ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलतेस?" आमच्या घरी चार पिढ्या मराठीतच प्रार्थना करत आल्या आहेत, हे मी शाळेपासून कुणाला ना कुणाला सांगत आले आहे. त्यामुळे बोलण्यावरून माणसाला वेगळं पाडलं की कसं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या वर्गात एक मुलगी यवतमाळकडची होती. वडील मार्केट यार्डात टेम्पो चालवायचे, आई तिथेच कांदा निवडायला जायची. दोन बस बदलून ती कर्वेनगरला कॉलेजला यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. मराठीच्या तासाला प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं होतं. ती तिच्या आजीबद्दल, कापूस वेचण्याबद्दल बोलायला उभी राहिली. पहिल्या दोन वाक्यांतच मॅडम म्हणाल्या, "छान. आता हेच मराठीत सांग पाहू."

वर्ग हसला. ती थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि खरोखरच न कळून तिनं विचारलं, "काहून हसून राहिले?" मग तर हसू आवरेना. ती खाली बसली.

मला नकला चांगल्या जमायच्या. ख्रिसमसच्या कार्यक्रमात पाळकसाहेबांपासून ऑर्गन वाजवणाऱ्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या नकला मी करायचे, आणि लोक हसून हसून डोळे पुसायचे. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझी शनिवार पेठेतली मैत्रीण म्हणाली, "ए, तिचा आवाज काढ ना." मी काढला. "काहून हसून राहिले बावा तुमी?" थोडं ताणून, थोडं रडवं करून. तिनं ते फोनवर रेकॉर्ड केलं. सात सेकंद. घरी जाऊन तिनं तो आवाज एका म्हशीच्या व्हिडिओवर चढवला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. कुणी बनवलं ते सगळ्यांना कळलं. आवाज कुणाचा, ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मीही खाली हसरा चेहरा टाकला.

दोन दिवसांत तो व्हिडिओ दुसऱ्या तुकड्यांत गेला. ती जिन्यातून यायला लागली की वरून कुणीतरी "काहून?" म्हणून ओरडायचं. आठवड्याभरानं तिचं बाक रिकामं दिसायला लागलं. माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा विचार केला नाही, एवढंच.

त्याच सुमारास पेजवर एक संदेश आला. पाळी माझी होती. फोटोच्या जागी एक पिवळं फूल होतं, नाव नव्हतं. "मी तुमचं रोज वाचते. काल तुम्ही लिहिलं होतं की एका शब्दानं माणूस उभा राहतो. मग एका शब्दानं पडतही असेल ना?" मी उत्तर दिलं की हो, पडतो, आणि तुला कुणी काही बोललं आहे का. असं दोन दिवस चाललं. ती थोडंथोडं लिहायची, फार जपून, पुस्तकातल्यासारखं. मी तिला धीर देत होते आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. कुणीतरी अनोळखी मुलगी माझ्या शब्दांवर टेकून उभी होती.

शनिवारी दुपारी आई जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत होती. मी समोर बसून फोन पाहत होते. तिचा संदेश आला: "ही मी." खाली एक व्हिडिओ. मी विचार न करता तो लावला आणि माझाच आवाज स्वयंपाकघरभर झाला.

आईनं मान वर केली. "हा तुझा आवाज आहे का गं?"

"नाही."

"तुझाच आहे. मी ओळखणार नाही का?"

मी उत्तर द्यायच्या आत फोन पुन्हा वाजला. "सोमवारपासून मी नसेन. घरी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही चांगली माणसं दिसता, म्हणून तुम्हाला सांगितलं."

मी लिहिलं, म्हणजे काय? तू आत्ता कुठे आहेस? तुझ्याजवळ कोण आहे? काहीच नाही. दहा मिनिटं गेली. मी दादाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. फक्त आवाजाचं सोडून. त्यानं विचारलं, "मोठं कुणी आहे घरी? त्यांना फोन दे. हे आपल्या सहा जणांनी सांभाळायचं नाही."

फोन आईच्या हातात द्यायचा तर तिला सगळंच सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. कॅन्टीन, म्हैस, हसरा चेहरा, सगळं. आईनं ओरडायला हवं होतं असं मला वाटत होतं. तिनं दादाशी मिनिटभर बोलून फोन ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तिच्या घरचा नंबर कुणाकडे असेल?"

मला एकच नाव सुचलं, मराठीच्या मॅडमचं. आईनं त्यांना फोन करून काय झालं ते सांगितलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे वडिलांचा नंबर आहे. थांबा, देते."

वडिलांनी फोन उचलला तेव्हा मागे गाड्यांचे आणि हमालांचे आवाज होते. "पोरगी? ती तं घरी हाय. कोण बोलून राहिले?" आईनं शांतपणे सांगितलं की आम्ही तिच्या कॉलेजातल्या मुलीच्या घरून बोलतोय, ती फोनला उत्तर देत नाहीये, तुम्ही घरी जा, आम्हीही निघालोय. त्यांनी पत्ता सांगितला. तिची आई कामावर होती, तिच्याजवळ फोन नव्हता; ते स्वतः माल उतरवून हडपसरहून निघत होते.

रिक्षात मी सारखी फोन पाहत होते. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा इतका वेळ उभी राहिली की मी उतरून पळायला लागणार होते. आईनं माझं मनगट धरून ठेवलं. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण प्रभूसमोर काय म्हणायचं तेच सुचेना. "तिला काही होऊ देऊ नकोस" असं म्हणताना त्यात माझी स्वतःचीच भीती जास्त होती.

मार्केट यार्डामागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिसरं दार आतून बंद होतं. आईनं वाजवलं. पुन्हा वाजवलं. शेजारची बाई बाहेर आली. "आहे की आत, मघाशी भांडी वाजली." आईनं जोरात हाक मारली. कडी वाजली आणि दार उघडलं.

तीच होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. मागे खाटेवर एक बॅग अर्धी भरलेली होती. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

"तू?" ती म्हणाली. "तू काहून आली?"

आईनं तिला आधी पाणी प्यायला लावलं. मग विचारलं, "बाळ, सोमवारी कुठे जाणार होतीस?"

"गावाले. आजीकडं. शिकायचंच नाही मले." तिनं बॅगेकडे पाहिलं. "काकू, मी काही मरायला नव्हती चालली." मग ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "एकदा मनात आलं होतं. पण नाही."

आईनं तिला जवळ घेतलं. मला वाटलं, आता सगळं ठीक आहे, आता नाही सांगितलं तरी चालेल. हा विचार माझ्या मनात आला, हे मला लिहायलाच हवं. मग आईनं माझ्याकडे पाहिलं.

"त्या व्हिडिओतला आवाज माझा आहे," मी म्हणाले.

तिचं तोंड जरासं उघडं राहिलं. "तुहा? आणि तुले माह्या घरचं कसं समजलं? मी तं त्या पेजवाल्यांना..."

"ते पेजही माझंच आहे. आमचं. तुला दोन दिवस उत्तरं देत होते ती मीच."

बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत राहिली. ती आईपासून बाजूला झाली. ओरडली नाही. "मंग तुहा कोणता आवाज खरा समजू मी?" तिनं विचारलं.

मी "माफ कर" म्हणाले, पण ते इतकं बारीक आवाजात की मलाच नीट ऐकू आलं नाही.

तेवढ्यात तिचे वडील आले, घामानं भिजलेले. आईनं काही न लपवता त्यांना सगळं सांगितलं, माझ्या मुलीनं हे केलं, असं म्हणून. मी मार खायची तयारी ठेवली होती. ते पायरीवर बसले, डोक्यावरचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. "तिच्या शिक्षणासाठीच गाव सोडलं होतं जी आम्ही," एवढंच म्हणाले. आईनं त्यांना समजावलं की आज तिला एकटं ठेवू नका, आणि मनात काय आलं होतं ते तिच्याकडून ऐकून घ्या. सोमवारी कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे मी स्वतः तिच्याबरोबर जाईन, असंही म्हणाली.

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात एक व्हिडिओ तयार व्हायला लागला. मी कॅमेऱ्यासमोर, डोळ्यांत पाणी, पेजवर सगळं कबूल करते आहे. रविवारी उपासनेनंतर संघाच्या बैठकीत मी तो विचार मांडला. दोघातिघांना तो आवडलाही. एक मुलगी म्हणाली, "पेज बदनाम होईल." दुसरा म्हणाला, "उलट लोकांना खरेपणा भावेल." दादा ऐकत होता. मग तो मला म्हणाला, "आपल्या चुकीची रील करू नकोस. पेजवरच्या लोकांनी तुझं काय बिघडवलंय? जिथे घाण केलीस तिथेच जा."

मी वर्गाच्या ग्रुपवर माझ्या आवाजात बोलले. तो आवाज माझा होता, ती नक्कल मी केली, ज्यांच्याकडे तो व्हिडिओ आहे त्यांनी तो काढून टाकावा, आणि तिला "काहून" म्हणून हाक मारायची असेल तर आधी मला मारावी. पाठवून फोन उलटा ठेवला. पाच मिनिटांनी पाहिलं तर शनिवार पेठेतल्या मैत्रिणीनं मला वेगळं लिहिलं होतं: "आता प्राचार्यांना माझंही नाव सांगणार का?" मी सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. तरी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. ग्रुपवर कुणी जोडलेले हात टाकले, कुणी "आमेन" लिहिलं, कुणी विचारलं, "प्रवचन संपलं का?" वर्षभर मला जिन्यात "आमेन" ऐकावं लागलं. प्राचार्यांनी आईपप्पांना बोलावलं, लेखी माफी घेतली.

व्हिडिओ सगळ्यांनी काढला नाही. बऱ्याच जणांनी काढला. एका मुलानं तर तिच्याकडे जाऊन आपण तो काढल्याचं सांगितलं, असं नंतर कळलं.

मंगळवारी मराठीच्या तासाला मॅडम पुस्तक न उघडता उभ्या राहिल्या. नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी पहिलं वाक्य माझं होतं. हसायला तुम्हाला मी परवानगी दिली. ते चुकलं माझं." आणि हजेरी घ्यायला लागल्या.

ती दोन आठवड्यांनी परत आली. माझ्या शेजारी बसली नाही, आणि बसावं असं मला वाटायलाही नको होतं. आम्ही पेज महिनाभर बंद ठेवलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा एक गोष्ट बदलली. संदेशाला उत्तर देणाऱ्यानं खाली स्वतःचं नाव लिहायचं. माझं नाव पाहून कॉलेजातले काही जण लिहायचं थांबले. जे लिहीत राहिले त्यांना मी आधीसारखी सुंदर वाक्यं पाठवू शकत नव्हते. कुठे राहतेस, जेवलीस का, घरी कोण आहे, असंच विचारायचे. कुणाचं वाचून धस्स झालं की आईला किंवा दादाला लगेच सांगायचे.

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकाशी भेटली. तिला अकोल्याला शेतकीला जायचं होतं, तेवढे मार्क मिळाले होते. मी अभिनंदन केलं. मग राहवलं नाही, विचारलं, "मला माफ केलंस का गं?"

तिनं गुणपत्रिकेची घडी घातली. "ते तू विचारू नको. मी सांगीन तवा सांगीन."

आता आम्ही अधूनमधून फोनवर बोलतो. ती एका बियाणांच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिच्या आजीचे गुडघे दुखतात, माझ्या आईची ती आवर्जून चौकशी करते. ते मात्र तिनं अजून सांगितलेलं नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.