सलीमभाईंचा अकॉर्डियन आता कोणाच्या घरी?

सलीमभाई गेले त्याच आठवड्यात माझ्या दारात चोर आला.

पांढराशुभ्र शर्ट, जोडलेले हात, डोळ्यांत पाणी. खाली टेम्पो उभा.

चोर हा शब्द विचार करून लिहिला आहे. पुरावा नाही. शब्द बदलणार नाही.

आज सलीमभाईंचा चाळिसावा. इतके दिवस गप्प होते, कारण आधी खात्री करून घेत होते.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: अकोल्यात जठारपेठेत त्यांचं गाद्यांचं दुकान. आमच्या हौशी ऑर्केस्ट्राचे सर्वेसर्वा तेच. अकॉर्डियन वाजवायचे. मी निवेदन करते आणि सगळ्यांना वेळेवर यायला लावते.

ऑर्केस्ट्रा चालवला गावाने. मंगल कार्यालयाचा हॉल फुकट, पण मुहूर्त नसलेल्या रविवारीच. लगीनसराईत आमची प्रॅक्टिस बंद. चहा समोरच्या हॉटेलवाल्याचा. कार्यक्रमाला सामान न्यायला भाजीवाल्याची गाडी, त्यामुळे स्टेजवर कायम कोथिंबिरीचा वास.

आणि वाद्यं लोकांच्या घरी.

त्यात सलीमभाईंचा एक विचित्र नियम. जो वाजवतो, त्याच्या घरी त्याचं वाद्य ठेवायचं नाही. दुसऱ्याच्या घरी ठेवायचं.

कांगो वाजवतो प्रमोद, अमरावतीहून बसने येतो. कांगो राहतात देवकाबाईंकडे, दर्यापूर रोडला. त्यांचा झेंडूचा मळा आहे. दसऱ्याच्या आधी कांगोवर फुलांचे क्रेट रचलेले मी स्वतः पाहिले आहेत.

सलीमभाईंचा अकॉर्डियन माझ्याकडे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

"सलीमभाई, यात तुमचा काय फायदा?"

"फायदा हाय ना ताई. म्हणून त करून राहिलो."

"कोणता?"

"चहा घ्या."

मी न सांगता घरोघर जाऊन वाद्यं जागेवर आहेत का बघायचे. त्यांनी दुकानातल्या गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडातून प्रत्येक वाद्याला खोळ शिवली होती. मी ती उघडून आत बघायचे. रिकामी खोळ कोणीही उभी करून ठेवू शकतं.

हे त्यांना कळलंच. पुढच्या प्रॅक्टिसला मी आत पाय ठेवला आणि सलीमभाई ओरडले, "चला रे, सीआयडी आली! खोळी काढून दाखवा!"

सगळे हसले. मी हसले नाही.

मग एकदा प्रमोदचं आणि त्यांचं वाजलं. भर प्रॅक्टिसमध्ये. प्रमोद म्हणाला, पुन्हा या हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. मला वाटलं, संपला ऑर्केस्ट्रा.

पुढच्या रविवारी कांगो वेळेवर हजर. सोबत देवकाबाई, त्यांचे यजमान, सून, व्याही. पहिल्या रांगेत बसले. वादक नाही. देवकाबाईंनी तिथूनच फोन लावला.

"भाऊ, तुमचे ढोल आमी घेऊन आलो. आता काय आमी बडवू?"

दुपारच्या आत प्रमोद आला. खोळ काढली आणि वाजवायला बसला.

सलीमभाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

म्हणजे संशय बरोबरच होता. माणूस लबाड होता. आम्हा सगळ्यांना त्याने एकमेकांच्या घरात अडकवून ठेवलं होतं. कोणालाच एकट्याने रुसता येत नव्हतं.

तर तो पांढरा शर्ट.

शहरातले गृहस्थ आहेत. कार्यक्रम करतात, तयार ट्रॅक लावून. वाद्य लागत नाही, वादक तर नाहीच.

"मॅडम, सलीमभाईंचं स्मारक करतोय. सगळी वाद्यं एकत्र, काचेच्या कपाटात."

"कुठे?"

"जागेचं प्रोसेसमध्ये आहे."

"मग टेम्पो कशाला आणलात?"

गृहस्थ कपाळावरचा घाम पुसू लागले.

जाताना म्हणाले, "वाजवणारा गेला मॅडम. आता तुमच्या कपाटावर पडून काय उपयोग?"

दार लावलं आणि देवकाबाईंना फोन केला. तिकडे ते आधीच जाऊन आले होते.

"मी म्हणलं, ज्याचं हाय त्याले इचारा. तो म्हणे, ते त वारले. म्हणलं, मंग तुमी बी जा घरी."

दुसऱ्या एका घरी ठेवलेला आमचा ऑक्टोपॅड मात्र गेला. ज्यांनी दिला ते भले लोक आहेत, श्रद्धांजलीचा बॅनर बघून विरघळले. त्या बॅनरवर सलीमभाईंपेक्षा या गृहस्थांचाच फोटो मोठा होता, ते त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. ऑक्टोपॅड मी परत आणणार आहे. ही पोस्ट ते गृहस्थ वाचतील, म्हणून इथेच लिहिते.

पण त्यांचं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते खोटं नव्हतं. वाजवणारा खरंच गेला होता. अकॉर्डियन कपाटावरच राहिला, तर काचेच्या कपाटात आणि माझ्या घरात फरक काय?

म्हणून ठरवलं. मी शिकणार. या वयात. प्रमोदला पेटी येते, तो सूर दाखवणार आहे.

पण मग नियमाने तो माझ्या घरी ठेवता येत नाही.

आज फातेहा झाल्यावर ऑटोने अकॉर्डियन घेऊन सलीमभाईंच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी रझियाभाभींच्या समोर ठेवला. त्या बराच वेळ खोळीच्या शिवणीवरून हात फिरवत राहिल्या.

"ताई, इसको तो उन्होंने कभी इस घर में टिकने नहीं दिया."

"आता राहू द्या. रविवारी मी न्यायला येते."

"सच में आओगी ना?"

"माझ्यावर संशय आहे का भाभी?"

"है. आपसे ही सीखा."

रविवारी मुहूर्त नाही, हॉल आपला आहे. ज्याच्या घरी जे आहे ते त्याने घेऊन यावं. वेळेवर.

सलीमभाई, तुम्ही निवांत झोपा.

सीआयडी जागी आहे.