दोनशे बारा पत्रांची एक हरकत

अख्ख्या गावाची मापं जिला तोंडपाठ, ती मापताई. तिचं शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, कापायची फळी आणि खिडकीशी एक खुर्ची. नवरा दूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी. खुर्चीवर कायम सासरे. वय एक्याऐंशी, मूत्रपिंडं थकलेली, जीभ मात्र ठणठणीत. आठवड्यातून तीनदा सकाळी साडेसहाच्या गाडीनं दोघं शहरातल्या दवाखान्यात जायची आणि म्हाताऱ्याचं रक्त यंत्रावर शुद्ध करून दुपारी परतायची; यंत्रावरची पाळी सकाळी आठचीच मिळायची. "सूनबाई, आज धुलाईचा वार!" असं म्हणत आधी चपला घालून तयार कोण, तर सासरे.

आणि वाहतूक कार्यालयानं नेमकी तीच गाडी बंद करायची ठरवली. थांब्यावर नोटीस चिकटली. प्रवासी कमी, हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे, नंतर सुनावणी होईल.

आता या गावाची एक जुनी खोड सांगायला हवी. काहीही लिहायचं झालं की गाव निवृत्त मास्तरांच्या दारात. तक्रार त्यांनी लिहायची, माफीनामाही त्यांनीच. मास्तरांनी "सदर मार्गावरील जनतेची होणारी कुचंबणा" अशी सुरुवात करून असं काही झोकदार पत्र लिहिलं, की त्यातला शब्द बदलायची कुणाची छाती होईना. घराघरानं ते स्वल्पविरामासकट उतरवून काढलं. दोनशे बारा पत्रं रवाना झाली आणि गाव निवांत झोपलं.

विसाव्या दिवशी उत्तर आलं, "आपल्या गावाकडून एक हरकत प्राप्त."

मास्तर तणतणत कार्यालयात गेले. कारकुनानं नियम दाखवला. सारख्या मजकुराची पत्रं कितीही येवोत, हरकत एकच धरायची. वर म्हणाला, "मास्तर, सगळ्या वर्गानं एकाच वहीतून उतरवलं तर तुम्ही काय करायचात?" मास्तर आल्या पावली परतले.

उरले दहा दिवस. गाव म्हणालं, जाऊ द्या, पालथ्या घड्यावर पाणी. पण मापताईला 'जाऊ द्या' म्हणून कसं चालेल? ती धास्तावली होती. गाडी गेली तर सासऱ्यांचं काय, या काळजीनं तिची कात्री एका सकाळीच दोनदा वाकडी गेली.

त्याच सकाळी अंडीवाली नवं पोलकं शिवून घ्यायला आली. गळ्याला टेप लागताच तिनं तोंड सोडलं. "साडेसहाची गेली तर माझी अंडी नऊच्या गाडीत. त्यात सगळी शाळेची पोरं. बाजारात पोचेपर्यंत काय उरणार, टरफलं?"

"मग हे पत्रात का नाही लिहिलंस?"

"पत्रात असलं लिहितात होय? पत्र कसं मास्तरांसारखं हवं."

मापताईनं टेप खाली ठेवला, कागद घेतला आणि बाई जे बोलली होती ते जसंच्या तसं उतरवलं. माप देताना माणूस मान ताठ करून, हात पसरून उभा असतो. पळता येत नाही, मग खरं बोलतो. हे तिला वीस वर्षं ठाऊक होतं, उपयोग आज सुचला. तिनं गावभर निरोप धाडला, "कपडा शिवायचा असो नसो, माप द्यायला या."

लोक आले. मास्तर दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी पेन घेऊन हजर झाले. तिनं एकच अट घातली, काही सुधारायचं नाही. बिचाऱ्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"'धंदा बोंबलला'च्या जागी 'व्यवसाय बाधित झाला' लिहू?"

"नाही, मास्तर."

एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ रोज त्याच गाडीनं जातात, एक पुढच्या दारानं, एक मागच्या, हे गावाला तेव्हाच कळलं. थांब्यासमोरच्या न्हाव्यानं तर सांगितलं, गाडी बंदच करा, हॉर्ननं झोपमोड होते. मापताईनं तेही लिहून घेतलं. सासरे मात्र तिला काही सांगेनात. "सुनेला माप देत नाही मी," म्हणाले, आणि मास्तरांना आतल्या खोलीत घेऊन गेले. तिसाव्या दिवशी सगळ्या कागदांचा गठ्ठा कार्यालयात जमा झाला.

सुनावणीला लांब टेबलामागे अधिकारीबाई बसल्या होत्या. गावातर्फे एकानंच बोलायचं होतं. मास्तर आणि सासऱ्यांसकट गावानं मापताईला पुढे ढकललं.

"बाई, मी कपडे शिवते," ती म्हणाली. "एका मापाचा सदरा सगळ्या गावाला होत नाही. आधी आम्ही तसा पाठवला, तुम्ही परत केलात, बरोबर केलंत. आता एकेकाचं माप दिलंय. एकशे शहाण्णव कागद आहेत. कुठलाही काढून बघा."

बाईंनी अंडीवालीचा कागद वाचला आणि त्यांना हसू आवरेना. न्हाव्याचा वाचून म्हणाल्या, "विरोधातलाही आणलात?" मग तिसरा काढला. तो वाचून झाल्यावर त्यांनी तो कागद मापताईपुढे सरकवला. "हा तुम्हीच वाचा."

ती वाचू लागली. "माझं वय एक्याऐंशी. गाडी बंद झाली तर सूनबाई शिवणाचं दुकान बंद करून मला घेऊन शहरात खोली करून राहील. तिनं वीस वर्षांत उभं केलेलं दुकान माझ्यापायी बंद पडू नये, म्हणून गाडी बंद झाली की मी दवाखान्यात जाणंच सोडणार आहे. हे तिला सांगितलेलं नाही."

शेवटच्या वाक्याशी तिनं कागद मास्तरांच्या हातात दिला. ते मास्तरांनी वाचलं, एक अक्षरही न सुधारता.

गाडी चालू राहिली. आदेशात हरकती एकशे पंच्याण्णव आणि पाठिंबा एक, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण ते नंतर. सुनावणीहून परतताना गावकरी गाडीत गलका करत होते आणि मापताई सासऱ्यांशेजारी खिडकीबाहेर बघत बसली होती. गाव आलं तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे उतरायला हात पुढे केला.

"मामंजी, दुकान काय, कुठंही थाटता येईल," ती म्हणाली. "तुम्ही कुठून आणू?"

म्हातारा तिचा हात धरून खाली उतरला आणि घर येईपर्यंत त्यानं तो सोडला नाही.