युरेनियम म्हणून पकडलेला गोळा

भूकंपानंतर विहिरींच्या पाण्यातला रेडॉन वायू मोजायला मुंबईहून शास्त्रज्ञ आले. मी तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. त्यांच्या बाटल्या मी वाहिल्या, तेवढ्यावर सरकारदरबारी मी किरणोत्साराचा जाणकार ठरलो. पुढं देशभर अणुपदार्थांचा माग काढणारी माणसं तयार करायचं ठरलं आणि मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. सापडलेला पदार्थ कुठल्या खाणीतला, कुठल्या भट्टीतला, हे ओळखायला तिथं शिकवलं. परत येतो तर माझ्या संध्याकाळच्या क्लासच्या मालकानं बोर्ड रंगवून घेतलेला: ‘अणुशास्त्रज्ञ स्वतः शिकवतात’.

काही वर्षांनी नांदेडहून पोलिसांचा फोन आला. धर्माबादच्या एका दलालाला युरेनियम विकताना पकडलं होतं.

ठाण्यात गेलो. तो करडा गोळा टेबलावर कागद दाबायला ठेवला होता. सगळ्यांनी हातात धरून फोटोही काढले होते. मी नेलेल्या किरणोत्सार मोजायच्या यंत्राचे सेल संपलेले. हवालदारानं भिंतीवरच्या घड्याळातले काढून दिले. ते घालून यंत्र गोळ्याजवळ धरलं, पण यंत्राचा काटा जागचा हलला नाही.

पंच म्हणून एका म्हाताऱ्या भंगारवाल्याला बसवलं होतं. त्यानं गोळा उचलला, किल्लीनं खरवडला.

“बॅटरीतलं शिसं हाय, साहेब. बूड बघा, कढईत वितळवलंय. एवढी खोल कढई देगलूर रोडच्या भट्टीवरच हाय.”

“तुमाला कुणी इचारलं?” इन्स्पेक्टर त्याच्यावर खेकसले. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, “सर, पेपरात बातमी गेली. आता काटा हलला न्हाई असं कसं लिवता?”

“न्हाई हलला, साहेब.”

“लिवा की तसं. पण खाली टाका, पुढील तपासणी आवश्यक. त्यात खोटं काय हाय?”

खोटं काहीच नव्हतं. चहा पिऊन मी ती ओळ लिहिली आणि सही केली.

त्या एका ओळीपायी गोळा सीलबंद होऊन मुंबईला गेला. दलाल चार महिने जेलमध्ये राहिला. मग अहवाल आला: शिसे, बहुधा बॅटरीतील. कढईचा उल्लेख नव्हता.

सुटल्यावर दलाल माझा पत्ता शोधत पेढे घेऊन घरी आला. कुणीतरी त्यालाही तो गोळा युरेनियम म्हणूनच विकला होता.

“सर, तुमी काटा हलला न्हाई म्हणून लिवलं, म्हणून वाचलो,” म्हणत तो पाया पडायला वाकला. खालची ओळ त्याला कुणी वाचून दाखवली नसावी. मीही सांगितली नाही. पेढा मात्र खाल्ला.