रिसेप्टरवाल्या कांबळे सरांकडचे दिवस

तीन माणसं एका खोलीत पाच वर्षं बसली की किस्से साठतातच. मस्कतमधल्या एका विद्यापीठात आमची खोली होती. मी पुण्याची, कांबळे सर नागपूरचे, आणि मरियम तिथल्याच, ओमानातल्या खाबुऱ्याची, सरांकडे पीएचडी करणारी. पेशीवरचे रिसेप्टर बाहेरचा निरोप आत किती नीट पोचवतात, याचं गणित आम्ही मांडायचो. किस्से फारसे हसण्याचे नाहीत, हे आधीच सांगते.

*

सरांच्या कॉन्ट्रॅक्टच्या रिन्यूअलला विद्यापीठाच्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, रिसेप्टर म्हणजे रिसेप्शनिस्ट का? सर म्हणाले, जवळपास तसंच. निरोप घेतो, पण लाइन खरखरते, आत अर्धाच पोचतो.

साहेब म्हणाले, "मग तुम्ही आमच्या ऑफिसवरच काम करताय." सही लगेच झाली.

*

गुरुवारी आठवडा संपला की सर आम्हाला मस्कतच्या रुवी भागातल्या आपल्या घरी जेवायला न्यायचे. एकदा सुनंदावहिनींनी विचारलं, इतक्या वर्षांत काय निघालं? सरांनी सांगितलं, एकटा रिसेप्टर फार तर 'आहे' की 'नाही' एवढंच कळवतो. किती आहे ते त्याला धड सांगता येत नाही.

वहिनी भाकरी वाढत म्हणाल्या, "भूक लागलीय का विचारलं तर तुम्हीही तेवढंच सांगता."

*

त्याच वर्षी वहिनींना छातीत गाठ लागली. रिपोर्ट आला तेव्हा मीच दोघांना गाडीतून हॉस्पिटलला नेलं होतं. पार्किंगमध्ये सरांनी कागद माझ्याकडे दिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गाठीच्या पेशींवर एक रिसेप्टर बेसुमार वाढला होता. आमचाच. ज्याच्यावर आमचे दोन पेपर होते, तोच.

आत डॉक्टर कागदावर चित्र काढून सरांना समजावू लागले. वहिनींनी तो कागद स्वतःकडे ओढला. "ह्यांना माहितीये. मला सांगा."

*

औषध सुरू झालं, गाठ लहान झाली. आठ महिने बरे गेले. मग ती परत वाढायला लागली.

त्या आठवड्यात सरांनी मला मॉडेलमधली रिसेप्टरची संख्या वाढवायला सांगितली. किती, तेही सांगितलं. मी रन केलं. बाहेर निरोप नसतानाही आत 'वाढा, वाढा' चालूच राहिलं. सरांनी ते आकडे स्वतः सेव्ह केले.

पुढच्या मीटिंगला मरियमनं विचारलं, सर्व्हरवर 'सुनंदा' नावाची फाइल आहे, ती कसली? तिला वहिनींचं नाव ठाऊक नव्हतं, ती त्यांना आंटी म्हणायची.

सर म्हणाले, पॅरामीटर आहेत, राहू दे.

*

वहिनी गेल्या. सर त्यांना घेऊन नागपूरला गेले आणि तीन आठवड्यांनी परतले. परतल्यावर चारच दिवसांनी विद्यापीठात त्यांचं लोकांसाठी व्याख्यान होतं. मी म्हटलं, मी बोलते. त्यांनी ऐकलं नाही.

व्याख्यान नेहमीसारखं झालं. मध्येच पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. अगदी सभ्यपणे विचारलं, या गणिताचा पेशंटला काय उपयोग?

मरियम माझ्या शेजारी होती. तोवर तिला सगळं कळलं होतं. तिनं माझा हात धरला.

सरांनी पाण्याचा घोट घेतला.

"माझ्या घरी पेशंट होती," ते म्हणाले. "तिनं हे कधीच विचारलं नाही."

आणि पुढची स्लाइड लावली.