पहिली खुर्ची

मला कॉलेजात धाडलं भरवेलीच्या खाणीत राबणाऱ्या सुखदेवमामांनी. काल निवडणुकीत आमचा उमेदवार पडला. आज कुठूनसा डफडं शेकल्याचा वास आला आणि मामा आठवले.

मी गावीच होतो तेव्हा ते एकदा सरपंचकीला उभे राहून पडले होते. दुसऱ्याच दुपारी त्यांच्या दंडारीचा, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या नाटकाचा, खेळ होता. पहिली खुर्ची रिवाजाप्रमाणे नव्या सरपंचाची.

मी म्हटलं, "मामा, खेळ राहू द्या ना. लोक हसतीन."

तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, जाळावर डफडं शेकत मामा म्हणाले, "हसू दे ना बे! खुर्ची त्याले गेली, माइक तं आपल्यापाशी हाये."

आणि सरपंचासमोरच त्यांनी कोरड्या नळाचं गाणं म्हटलं. गाव पोट धरून हसलं. मला तो हट्ट वाटला होता. आज ती हिंमत वाटते.

मी लगेच पत्र लिहिलं: "मामा, आपण पुन्हा पडलो. रविवारी दंडार होऊन जाऊ द्या. डफडं मी वाजवतो. पहिली खुर्ची निवडून आलेल्याले ठेवजा."