उदबत्तीच्या राखेइतके नाजूक

चेन्नईत येऊन आम्हाला पाचेक महिने झाले होते. नवरा दिवसभर कामावर, मुलगी शाळेत, आणि माझं तमिळ भाजीवाल्यापुढे बोट दाखवण्यापलीकडे गेलेलं नव्हतं. अड्यारच्या त्या घरात आम्ही वर राहायचो; खाली घरमालकीण. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातल्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. आमचं बोलणं मात्र पाण्याच्या मोटरीपुरतंच.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात उल्कावर्षाव होणार, असं पेपरात आलं. मी आठ वर्षांच्या लेकीला पहाटे उठवलं. पण इथला नोव्हेंबर म्हणजे ऐन पावसाळा. ढगांतून एक चांदणी दिसेल तर शपथ. पोर रडली, आणि उजाडताच पडलेले दगड शोधायला अंगणात उतरली; मागोमाग मीही.

अक्का दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढत होत्या. "काय शोधतेस गे?"

"उल्का."

"दगड नाहीं पडत, कण्णा. बारीक कण ते. अस्कं वरच जळून जातं." 'कण्णा' म्हणजे तमिळमध्ये 'बाळा', हे माहीत होतं; त्यांच्या जुन्या मराठीत 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

लेकीचा चेहरा आणखीच उतरला. तेव्हा अक्कांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. देवापुढे उदबत्ती जळत होती, तिच्या टोकाला राखेची वाकडी कांडी धरलेली. "हात लाव." बोट लागलं मात्र, राख भुरभुरली.

"धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याचं बर्फ उडून जातं, कण मोकळे होतात. बहुतेक वाळूएवढे, एखादा वाटाण्याएवढा. आहे दगडाचाच चुरा, पण असा पोकळ, भुसभुशीत."

"मग एवढे चमकतात कसे?"

"वेगानं. रात्रीचे कण अड्यारहून तंजावूरला पाच सेकंदांत पोचले असते! तेवढ्या वेगानं हवेत शिरले की वितळतात, त्यांची वाफ होते. त्या वाफेचा उजेड आपल्याला दिसतो."

मग त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, गॅस पेटवला आणि ज्योतीवर चिमूटभर मीठ भुरभुरलं. निळी ज्योत भसकन पिवळी झाली. लेक किंचाळलीच. "मिठात सोडियम असतं. त्या कणांतही थोडं असतं, म्हणून पिवळं. मॅग्नेशियम हिरवा उजेड देतं. लोखंडही असतं."

"पाटी, परत!" लेक ओरडली. तमिळमधली ही आजीची हाक तिच्या तोंडी मी प्रथमच ऐकली. अक्कांनी मिठाचा डबाच तिच्यापुढे ठेवला.

त्या दिवशी आम्ही तिथेच इडली खाल्ली. नंतर रोज संध्याकाळी लेक प्रश्न घेऊन खाली जाई, आणि तिच्या निमित्ताने मीही. अक्कांनीच मला तमिळ वाचायला शिकवलं.

चार वर्षांनी आम्ही शहराबाहेर सिरुसेरीजवळ राहायला गेलो. निघताना मी पाया पडले आणि म्हटलं, "अक्का, तुम्ही नसता तर मी केव्हाच माहेरी पळाले असते."

त्या हसल्या. "शाळा सुटल्यापासून मला कोणी काही विचारलंच नव्हतं गे. तुम्ही दोघींनी विचारलं."