पैठणी नेसलेली खुर्ची

माझ्या धाकट्या नणंदेइतकी आळशी बाई आख्ख्या कासारवाडीत झाली नाही आणि तिच्याइतकं कौतुकही कुणाच्या वाट्याला आलं नाही. ही दोन्ही सुखं एकाच बाईला मिळावीत, याचा जळफळाट मी नातसून येण्याच्या वयातही ताजा ठेवला आहे. ती आकुर्डीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी स्वप्नात दिसावं तसलं काहीबाही रंगवायची. तिची भाकरी करपली की ओरडायची, "वहिनी, पळत ये, हा रंग बघ!" आणि सगळं घर तव्याभोवती जमायचं. माझी करपली की सासूबाई म्हणायच्या, "आईनं येवढंबी शिकवलं न्हाई व्हय?"

शाळेतही तिचंच राज्य. मुलांना एकदा 'माझे बाबा' काढायला सांगितलं, तर एकानं झोपलेले वडील काढले आणि पलंगाला बसची चाकं. नाईट शिफ्ट करून ते वडील तसेच भांडायला आले. ही म्हणाली, "भाऊ, कंपनीच्या बसमध्येच झोप होते ना तुमची? पोरानं बरोबर बघितलंय." तो माणूस चित्र मागून घेऊन गेला! मी हेडमास्तरीण असते, तर हिलाच घरी बसवली असती.

घरातल्या सगळ्यांना तिनं चित्रात घेतलं. जमीन गेल्यापासून गप्प झालेले सासरे कारखान्याच्या पत्र्यावर नांगर धरून उभे, बैलांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं. सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बैल मातर आपलंच हायती." आमच्या ह्यांना डोक्याच्या जागी जेवणाचा डबा मिळाला, तर हे तो कंपनीभर मिरवून आले. म्हशीचंसुद्धा चित्र झालं. राहिले ती मी एकटी.

शेवटी मीच म्हटलं, "मला काढ." तेव्हा मी पंचविशीची, अंगानं भरलेली आणि अकलेनं रिकामी. लग्नातली पैठणी, नथ आणि पावडरचा असा थर, की सख्ख्या आईनं नाव विचारलं असतं. दुपारभर बसले. मधे जरा दूध बघून आले, वाळवण उचललं, सासऱ्यांना चहा दिला, एवढंच. संध्याकाळी बघते तर खुर्ची पैठणी नेसलेली, वर नथ अधांतरी आणि आत कुणीच नाही.

"अगं, मी कुठंय?"

"तू बसलीसच कुठं, वहिनी?"

महिनाभर मी तिच्याशी अबोला धरला. तिला तो कळलाच नाही. ती खुर्ची पुढं प्रदर्शनात लागली. बायका तिच्यासमोर उभ्या राहून डोळे पुसायच्या. मग मी खुर्चीवरही जळले.

आता ती थकली आहे. ब्रश फारसा धरत नाही. गेल्या आठवड्यात मात्र कागद घेऊन आली. सासूसासरे गेले, हे गेले, मुलं दिवसभर कंपनीत. "आता कोण हाक मारणारे तुला? बस. तुझा चेहरा राहिलाय." मी घरातल्याच सुती साडीत बसले. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, आधी चहा टाकतेस?"

"आज तू टाक."

ती आत गेली. थोड्या वेळानं दूध करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ आवाज, "वहिनी, पळत ये, हा रंग बघ!"

समोर कागद कोराच होता. जावंसं फार वाटलं. पण मी पदर सावरला आणि बसून राहिले.